तिसरा गाभा

“ते खाली ठेवा,” तो म्हणाला. “होतं तिथंच.”

माझ्या हातात गारंबीची बी होती. चपटी, तांबूस, तळहातात जेमतेम मावेल एवढी. चालता चालता मी ती सहज उचलली होती. मी खाली पाहिलं. कुजलेल्या पानांच्या थरात बीच्या आकाराचा ओला ठसा उरला होता. वाकून मी बी त्या ठशात ठेवली. मग आठवलं की मघाशी तिची चकचकीत बाजू वर होती, म्हणून उलटून पुन्हा ठेवली.

उठले तेव्हा तो माझ्याकडं पाहत उभा होता. आमची वाट डावीकडं उतरत होती. पुढं झाडं थोडी मागं सरली होती आणि मधल्या सपाट जागेवर पानांचा जाड थर पसरला होता, कुणी हात फिरवल्यासारखा सारखा. तो त्या जागेकडं पाहत राहिला, मग पुन्हा माझ्याकडं.

“इकडून नको,” तो म्हणाला. “तिथं ओल फार आहे.”

आणि मागं वळून त्यानं चढाची वाट धरली. त्याच्या पायांतल्या नव्या वहाणा करकरत होत्या. मी वहीत लिहिलं: सकाळी १०.२०, वाट बदलली. तेव्हा मी सगळंच लिहून ठेवत असे.

मी चोवीस वर्षांची होते. वनस्पतिशास्त्रात नुकतीच एम.एस्सी. झाले होते आणि झाडांचं वय काढणाऱ्या एका सरांच्या हाताखाली काम करत होते. कुडवणे गावाच्या वरच्या अंगाला देवीची राई होती आणि त्या राईतून खाणीचा रस्ता जाणार होता. गावानं हरकत घेतली, एक समिती नेमली गेली, आणि समितीनं विचारलं की राई जुनी आहे याला पुरावा काय. अडीचशे वर्षांहून जुनं एक जरी झाड दाखवता आलं तर रस्ता वळवू, असं त्यांनी लेखी दिलं होतं. राईच्या मध्यभागी एक साग होता, घेर तीन मीटरच्या वर. सागाला दरवर्षी एक स्पष्ट वलय पडतं. झाड न तोडता ती वलयं मोजायची तर पोकळ गिरमिटानं खोडात भोक पाडायचं आणि पेन्सिलीपेक्षा बारीक, लांब कांडी बाहेर ओढायची. तिला आम्ही गाभा म्हणतो. सरांना जमणार नव्हतं, म्हणून गिरमिट घेऊन मी एकटी आले होते.

गावात मी सत्यभामाकाकींकडं उतरले होते. पहिल्या संध्याकाळी भाकरी वाढताना त्यांनी विचारलं, “राखणदार गावलो काय गो?”

भेटला, म्हटलं. तिशीचा असेल, फार बोलत नाही.

“माझ्या आवशीन पण ह्योच बघलेलो,” काकी म्हणाल्या. “ह्याच तोंडाचो.”

मला वाटलं, काकींच्या आईनं याचा आजा पाहिला असेल, घराण्यात चेहरा उतरतो. राखणदार हे वंशपरंपरेचं काम असणार. काकींनी आणखी सांगितलं की दर दिवाळीनंतर गाव त्याच्यासाठी देवीच्या पाषाणापाशी चामड्याच्या वहाणांचा जोड ठेवतं आणि वर्ष सरता सरता त्या जोडाच्या टाचा झिजलेल्या मिळतात. गाव त्याला पगार का देत नाही, असं मी विचारलं. काकी इतक्या हसल्या की त्यांना पदर तोंडाशी धरावा लागला.

त्याचं नाव रवळू. माझ्याशी तो पुस्तकी, जुन्या वळणाचं मराठी बोलायचा. कुठं शिकलात विचारलं तर म्हणाला, एक पंतोजी होते, वारले. मला तो पहिल्या दिवसापासून मुक्ताबाई म्हणू लागला. मला बाई म्हणणारं तोवर कुणी भेटलं नव्हतं.

सागाजवळ पोचल्यावर मी गिरमिट जोडू लागले आणि तो माझ्या हातांकडं पाहत राहिला. माणसाच्या छातीच्या उंचीवर, जमिनीपासून एक मीटर सदतीस सेंटिमीटरवर भोक घ्यायचं, हा आमच्याकडचा नेम. मी फितीनं उंची मोजून खडूची खूण केली.

“तिथं नको,” तो म्हणाला. “खाली घ्या. गुडघ्याच्या खाली.”

खाली बुंधा फुगलेला असतो, वलयं वेडीवाकडी येतात, हे मी समजावलं. त्यानं ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच सांगितलं. झाड त्याच्या ताब्यातलं, परवानगी त्याची, मी ऐकलं. त्याची आणखी एक अट होती. राईतून काही बाहेर जात नाही, वाळकी काटकीसुद्धा नाही. गाभा तिथंच घासायचा, तिथंच मोजायचा, फोटो हवे तेवढे काढायचे आणि देवीपाशी ठेवून जायचं. तेही मी मान्य केलं.

गिरमिट फिरवताना सागाचं लाकूड कुरकुरतं. तो माझ्याकडं पाठ करून उभा होता.

दुसऱ्या दिवशी तो लंगडत आला. पोटरीला पाला बांधला होता. काटा गेला, म्हणाला.

पहिला गाभा मी म्हटलं तसाच निघाला, वलयं एकमेकांत शिरलेली. तरी बाहेरची दीडशे वर्षं स्वच्छ वाचता येत होती. पाषाणाजवळच्या सपाट दगडावर मी तो खाचेत बसवला, बारीक कागदानं घासला आणि भिंग लावून मोजायला बसले. भर दुपारीही तिथं एवढा अंधार असायचा की बॅटरी लागायची. सगळी राई गर्द हिरवी आणि मधोमध हा एकटा साग पानं झाडत उभा. रवळू समोर बसून राहायचा. मी वर्ष सांगायची, तो त्या वर्षी काय झालं ते सांगायचा. एका अरुंद वलयावर म्हणाला, त्या साली झरा आटला, बायका इथवर घागरी घेऊन आल्या आणि रिकाम्या गेल्या. दुसऱ्या एका वलयावर म्हणाला, त्या साली गावात ताप आला, घंटा वाजवायलाही माणूस नव्हतं. मी ते समासात लिहून घेत होते. तोंडी परंपरा, असा मथळा दिला होता.

वलयाच्या सुरुवातीला मोठ्या नळ्या का असतात, त्यानं विचारलं. मी म्हटलं, पाऊस आला की झाडाला पालवीसाठी एकदम पाणी ओढावं लागतं, म्हणून.

“हो,” तो म्हणाला. “घाई होते तेव्हा.”

मी हसले. तोही हसला, जरा उशिरानं.

आठवडाभर मी रोज जात होते, आणि मोजणी चार दिवसांत संपली होती. उरलेले दिवस वहीत कशासाठी म्हणून लिहिलेले नाहीत. तो मला बुरशी दाखवायचा, सातविणीच्या सालीतला चीक दाखवायचा, मी लॅटिन नावं सांगायची आणि तो ती चुकीची म्हणून दाखवायचा, मुद्दाम. एकदा माझ्या केसांत अडकलेलं पान काढून त्यानं ते खाली ठेवलं, मी बी ठेवली होती तसं, बाजू बघून. त्याचा हात माझ्या कानाजवळ थांबला. गार होता, सालीसारखा कोरडा. मी तो धरला. मी याआधी कुणाचाही हात असा आपणहून धरला नव्हता.

सरांचा निरोप आला की एका गाभ्यावर समिती विश्वास ठेवणार नाही, दुसरा घे, मध्यापर्यंत. मी रवळूला सांगितलं. मग उठून त्यानं सागाच्या पश्चिमेच्या अंगाला, कमरेच्या उंचीवर बोट ठेवलं आणि गिरमिट कुठल्या कोनात धरायचं ते दाखवलं. मध्याला चाटून जाईल, म्हणाला, पण मध्यात शिरू देऊ नका.

“मध्य कुठं आहे हे तुम्हांला काय माहीत?” मी विचारलं.

“तुम्ही घ्या,” तो म्हणाला.

दोनशे एकोणनव्वद वलयं मिळाली. मध्य राहिला होता दोनेक सेंटिमीटर. हिशेब करून तीनशेच्या पुढं वय गेलं. राई वाचली होती. सांगायला मी धावत पाषाणापाशी गेले तर तो नव्हता. तो दोन दिवस नव्हता.

तिसऱ्या दिवशी तो सागाला टेकून बसलेला सापडला, चेहरा मातकट. मी घोंगडी बाजूला केली. कमरेच्या उजव्या बाजूला एक भोक होतं. मी नखांची कात्री आणि औषध घेऊन जखम साफ करायला बसले आणि माझे हात आपोआप मोजू लागले. काठ गुळगुळीत. व्यास पाच मिलिमीटर. रक्त नाही, तपकिरी, चिकट द्रव, वाळला की चकाकणारा. मी त्याच्या पोटरीवरचा पाला सोडला. तिथंही तसंच, पाच मिलिमीटर.

“काटा?” मी म्हटलं.

तेव्हा त्यानं सांगितलं. मोठ्यानं नाही, मला औषध लावायला त्रास होऊ नये अशा बेतानं, हळूहळू. तो इथल्या गुरवाचा मुलगा होता. जहाजांसाठी साग तोडायला माणसं येणार होती, तेव्हा त्यानं देवीला कौल लावला आणि स्वतःला या झाडाशी बांधून घेतलं. ते उभं तोवर मी उभा, असा त्याचा शब्द. तोडणारे आले ते अकराजण. त्यांना त्यानं वाट दाखवली, डावीकडच्या उताराची. पानांच्या त्या सारख्या थराखाली कोंड आहे, पाण्याचा डोह, त्याला तळ नाही.

“आरडाओरडा झाला का?” मी विचारलं. मी हेच का विचारलं, मला माहीत नाही.

“पहिल्या दोघांचा,” तो म्हणाला. “मग बाकीचे त्यांना काढायला गेले. मी हात दिला असता तर शेवटचे चार निघाले असते. मी दिला नाही.”

मग म्हणाला, “पहिल्या दिवशी तुम्हांलाही तिकडंच नेत होतो.”

“मग?”

“तुम्ही बी उलटून ठेवलीत.”

त्यानं साल सांगितलं. दुसऱ्या गाभ्यात ते वर्ष मी आधीच मोजलं होतं. सगळ्यांत रुंद वलय, सात पूर्णांक चार मिलिमीटर. त्याच्या जवळपासही दुसरं नव्हतं. मला त्याची भीती वाटायला हवी होती, किंवा किळस. मी त्याच्या जखमेवर पट्टी बांधत होते आणि एवढाच विचार करत होते की हा इथून उठून माझ्याबरोबर पुण्याला आला तर कसा दिसेल. अकरा माणसं माझ्या डोक्यात होती. ती एका बाजूला होती आणि हा दुसऱ्या बाजूला, आणि तराजू जरासुद्धा हलत नव्हता.

मी त्याला तसं म्हटलं. चल माझ्याबरोबर. तुम्ही सोडून तू कधी झालं, कळलं नाही. तो मात्र मला तुम्हीच म्हणत राहिला.

“देवीला विचारतो,” तो म्हणाला.

कौल लावताना मी पहिल्यांदाच पाहिला. त्यानं पाषाण धुतला, अबोलीच्या कळ्या पाण्यात बुडवून पाषाणाच्या दोन्ही अंगांना चिकटवल्या, आणि हात जोडून गाऱ्हाणं घातलं. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आम्ही शेजारी बसलो. एक माशी घोंगावत होती. डावी कळी पडली.

“ओली जास्त होती ती,” मी म्हटलं. “पुन्हा लाव.”

“पुन्हा नाही विचारत.”

“एकदा झालेल्या गोष्टीला काही अर्थ नसतो. आम्ही कुठलाही प्रयोग निदान तीनदा करतो. तीनदा तेच आलं तर मानायचं.”

“दुसऱ्यांदा विचारायचं म्हणजे पहिलं उत्तर खोटं ठरवायचं,” तो म्हणाला. “ज्याला विचारतो त्यालाच खोटं ठरवायचं. मग विचारायचं कशाला?”

मी वाद घातला. कळी पाण्याच्या वजनानं पडते, पाषाण त्या बाजूला किंचित झुकलेला आहे, मी फूटपट्टी लावून दाखवू शकते. तो माझ्याकडं पाहत होता, राग न येता, थकून.

“माझंही तसंच का?” त्यानं विचारलं. “मी सांगितलं ते?”

“तुझ्यावर विश्वास आहे माझा.”

“तेवढं पुरे मग,” तो म्हणाला.

त्या रात्री काकींकडं मला झोप लागली नाही, नुसती पडून होते. विश्वास आहे असं मी म्हटलं ते खोटं नव्हतं, पण मला कळतो त्या अर्थानं ते खरंही नव्हतं. दोन भोकं, दोन जखमा. दोन नोंदी म्हणजे योगायोग असू शकतो. माणूस स्वतःला जखम करून घेऊ शकतो. लहानपणापासून तू राखणदार, तू झाड असं ऐकत वाढलेला माणूस तर सहज. दोन्ही वेळा भोक कुठं पाडणार हे त्याला आधीच ठाऊक होतं. त्यानंच जागा दाखवल्या होत्या. तेव्हा खरी परीक्षा एकच: जागा मी निवडायची, वेळ मी ठरवायची, आणि त्याला काही सांगायचं नाही.

माझी अपेक्षा अशी होती की काहीही होणार नाही. हे मी सहा वर्षांत स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे आणि ते खरं आहे. काही झालं नसतं तर तो साधा माणूस ठरला असता, कौल म्हणजे नुसत्या ओल्या कळ्या ठरल्या असत्या, आणि मी त्याला हाताला धरून एस.टी.त बसवलं असतं. त्याला सोडवायला मी गेले होते. पण मला कळूनही घ्यायचं होतं. तेही खरं आहे, आणि दोन्हींत जास्त खरं कुठलं, हे मोजायचं साधन माझ्याकडं नाही.

सकाळी मी त्याला म्हटलं की जाण्याआधी झऱ्याच्या पाण्याचा एक नमुना तपासायचा आहे, बाटली भरून आण. झरा राईच्या दुसऱ्या टोकाला, जाऊन येऊन पाऊण तास. अजून थोडं लंगडत तो गेला. जाताना म्हणाला, बाटली बाहेर न्यायची नाही हे लक्षात आहे ना. आहे, म्हटलं.

खडूची पहिल्या दिवसाची खूण अजून होती. एक मीटर सदतीस. छातीची उंची.

गिरमिट मी सरळ मध्याच्या रोखानं लावलं. नेहमीपेक्षा सोपं गेलं. लाकूड कुरकुरलं नाही. शेवटच्या दोन सेंटिमीटरला हाताला एकदम काही लागेना, आतून कुणी वाट दिल्यासारखं. अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. मी वेळ लिहिली, गाभा ओढून बाहेर काढला. शेंड्याला मध्य होता, बारीक, पांढरट, ओला. इतका नेमका गाभा मी त्याआधी कधी काढला नव्हता, आणि पहिला क्षणभर मला नुसता आनंद झाला. तोही मी नोंदवायला हवा.

मग राईत काहीतरी थांबलं. पक्षी नव्हेत, पक्षी तिथं भर दुपारी नसायचेच. पानांचा आवाज थांबला.

मी झऱ्याकडं धावले. तो वाटेतच होता, देवीच्या पाषाणाला टेकून बसलेला. बाटली शेजारी उभी होती, भरलेली, झाकण लावलेली. एक हात छातीवर होता आणि बोटांमधून तो तपकिरी द्रव येत होता.

“अकरा चाळीस?” त्यानं विचारलं. त्याच्याजवळ घड्याळ नव्हतं.

मी मान हलवली.

“कळलं?”

“कळलं,” मी म्हटलं.

“मग लिहून ठेवा.”

मी वही काढली नाही. म्हटलं, मी परत घालते, आत्ता घालते, अजून ओला आहे, मेण लावते वरून. मी सागाकडं पळत गेले आणि गाभा भोकात घालू लागले. तेवढ्यात तो फुगला होता. काढलेला गाभा जरासा फुगतो, हे मला माहीत होतं. आम्हांला पहिल्याच वर्षी शिकवतात. चार बोटं आत गेला आणि अडला. जोर लावला असता तर मोडला असता. मी तो पुन्हा बाहेर ओढला आणि हातात घेऊन त्याच्याकडं परत आले.

“तुला माहीत होतं,” मी म्हटलं. “मी पाणी आणायला का पाठवलं ते.”

“झऱ्याचं पाणी तुम्ही पहिल्याच दिवशी तपासलं होतं.”

“मग थांबवलं का नाहीस? तुला वाट माहीत होती. कोंड माहीत होता.”

“होता,” तो म्हणाला. “पुन्हा हात द्यायचा नाही, हे जमलं नसतं.”

त्यानं माझ्या हातातला गाभा घेतला, बोटांवर तोलला, मध्य असलेलं टोक पाहिलं. ते टोक त्यानं यापूर्वी कधी पाहिलं नसणार. मग परत माझ्या हातात दिला आणि माझी बोटं त्यावर मिटली.

“हा घेऊन जा तू,” तो म्हणाला. “बाहेर.”

राईतून काही बाहेर जात नाही, असं मी म्हणाले असेन.

“चल म्हणाली होतीस ना,” तो म्हणाला.

एवढीच एक वेळ त्यानं मला तू म्हटलं. ऊन माथ्यावरून कलायच्या आत जा, इथं थांबू नको, असंही म्हणाला. रोज तो मला राईच्या हद्दीच्या दगडापर्यंत सोडायला यायचा. त्या दिवशी उठला नाही. मी वाट उतरत गेले आणि मागून वहाणांची करकर येते का, ते ऐकत गेले.

समितीनं रस्ता वळवला. अहवालात दोन गाभ्यांचे फोटो आहेत, वलयांचा तक्ता आहे, आणि झाडाचं वय तीनशे वर्षांहून अधिक असल्याचा निष्कर्ष आहे. तिसरा गाभा कुठल्याच अहवालात नाही. सरांनी काम नेटकं झालं म्हणून पाठ थोपटली. मृगात सगळ्या डोंगराला पालवी आली, त्या सागाला आली नाही. पाहायला आलेल्यांनी वाळवी म्हणून नोंद केली. राई आहे. तिला आता तारेचं कुंपण आहे आणि पाटीवर माझा आकडा आहे.

दिवाळीनंतर काकींचा फोन आला. गावानं नवा जोड ठेवला होता. वर्षभरानं त्यांनी पुन्हा फोन केला, इकडचं तिकडचं बोलल्या, माझ्या लग्नाचं विचारलं, मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “व्हाणो तश्योच आसत गो.” जोडाच्या टाचा झिजल्या नव्हत्या.

आम्ही गाभे शीतपेयाच्या नळीत ठेवतो, दोन्ही टोकं चिकटपट्टीनं बंद करून. महिनाभरात लाकूड वाळतं आणि वजन तिसऱ्या हिश्शानं घटतं. तो गाभा माझ्या टेबलाच्या खणात आहे. मी तो घासलेला नाही. घासल्याशिवाय वलयं दिसत नाहीत. दरवर्षी जानेवारीत, त्या तारखेला, मी नळी उघडून तो काट्यावर ठेवते. आणला त्या दिवशी नऊ पूर्णांक चार ग्रॅम होता. या जानेवारीतही नऊ पूर्णांक चारच भरला. नळीच्या आतल्या अंगाला बारीक दव होतं.

काटा चुकत असेल, हवेतला ओलावा असेल. दुसऱ्या काट्यावर ठेवून पाहता येईल. प्रयोगशाळेत तीन काटे आहेत.

मी एकदाच वजन करते आणि खण बंद करते.